आधी डबा, मग घर

शाळेची घंटा होऊन तिचा आवाज अजून पुरता विरलाही नव्हता, आणि तिसरीचा अख्खा वर्ग डबा खात बसला होता. बाई दारातच थबकल्या. डब्याच्या सुट्टीत या वर्गात जेवढा गोंधळ असायचा तेवढाच आत्ताही होता. झाकणं वाजत होती, कुणीतरी कुणाचा तरी घास पळवत होतं, एकाची बाटली सांडली होती आणि दुसरा ती आपण सांडलीच नाही म्हणून शपथा खात होता. खिडकीजवळच्या बाकावर, सगळे ज्याला स्टेशनमास्तर म्हणत, तो मुलगा नेहमीसारखा शांतपणे, घास मोजून चावत होता. सगळं अगदी जागच्या जागी होतं, फक्त ही सकाळ होती. काहींच्या पाठीवरची दप्तरंसुद्धा उतरली नव्हती.

"अरे, हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"डबा," स्टेशनमास्तर म्हणाला आणि मान वर न करता त्याने फळ्याकडे बोट केलं.

बाईंनी तिकडे पाहिलं. फळ्याच्या कडेला चित्रांच्या कार्डांची एक उभी रांग असायची. घरी निघण्याआधी बाई रोज दुसऱ्या दिवसाची रांग लावून ठेवत. कालही त्यांनी ती लावली होती: वर हजेरी, मग वाचन, गणित, पाणी, डबा, चित्रकला, खेळ, आणि सगळ्यांत खाली घर. आज सगळ्यांत वर डबा होता. त्याखाली खेळ. त्याखाली घर. मग पाणी आणि वाचन, मग गणित आणि चित्रकला, आणि हजेरी बिचारी तळाशी जाऊन बसली होती. बाईंना क्षणभर काही उमगेना. मग लक्षात आलं की वरची तीन कार्डं लाल आहेत, मधली निळी आणि खालची हिरवी. इतकी सुबक मांडणी शाळेत एकच माणूस करू शकत होता, आणि ते म्हणजे शिपाईकाका.

आज तपासणीचे साहेब येणार होते, त्यामुळे काकांच्या अंगात सकाळपासून स्वच्छता संचारली होती. त्यांनी कार्डं काढली, फळा ओल्या फडक्याने चकचकीत पुसला आणि कार्डं पुन्हा चिकटवताना म्हटलं असणार, की लावायचीच आहेत तर जरा डोळ्यांना बरं दिसेल अशी लावू. काकांच्या लेखी ती भिंतीची सजावट होती. स्टेशनमास्तरच्या लेखी तो कायदा होता.

स्टेशनमास्तर हे नाव वर्गानेच ठेवलेलं. पुढे काय येणार हे तो स्टेशनवरच्या घोषणेसारखं एका सुरात जाहीर करायचा, म्हणून. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तो स्वमग्न होता. वर्गाच्या म्हणण्याप्रमाणे तो जरा जास्तच शिस्तीचा होता, एवढंच. काय होणार हे आधी कळलं तर त्याच्यासारखा गुणी मुलगा शोधून सापडला नसता. पण ऐन वेळी काही बदललं की त्याच्यावर आभाळ कोसळायचं, आणि वर्षाच्या सुरुवातीला ते रोजच कोसळत होतं. गणिताच्या जागी चित्रकला झाली, या बाईंच्या जागी त्या बाई आल्या, की तो कानांवर हात दाबून किंचाळायचा आणि टेबलाखाली जाऊन बसायचा. बाईंनी समजावलं, चुचकारलं, एकदा तर त्याच्याशेजारी टेबलाखाली जाऊन बसल्या आणि बाहेर येताना त्यांच्या कमरेत उसण भरली. शेवटी आठवड्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षिकेने ही कार्डांची युक्ती शिकवली. जे फळ्यावर आहे तेच होणार, त्याच क्रमाने होणार. झालं की कार्ड खालच्या डब्यात टाकायचं.

आणि बदल करावाच लागला तर? त्यासाठी एक पिवळं कार्ड होतं, वर मोठं प्रश्नचिन्ह काढलेलं. आधी ते दाखवायचं आणि 'बदल आहे' असं सांगायचं. मग सगळ्या वर्गाने दहापासून उलटं मोजायचं. त्यानंतर बाई काय वाटेल तो बदल करायला मोकळ्या. पिवळ्या कार्डाशिवाय मात्र काही म्हणजे काही बदलायचं नाही. बाईंनी एकदा लबाडी केली होती. पिवळं कार्ड न दाखवताच त्यांनी गणिताचं कार्ड हळूच खाली सरकवलं. मुलगा दुपारभर टेबलाखाली राहिला, आणि नंतर कितीतरी दिवस बाईंनी हाक मारली की दुसरीकडे बघायचा. बाईंना ते फार लागलं. त्यांनी त्याच्यासमोर बसून शब्द दिला, की पुन्हा असं होणार नाही.

तो शब्द त्यांनी पाळला आणि मुलगाही हळूहळू सावरला. चांगल्या दिवशी बाई त्याला म्हणत, "ओरडलास, पण टेबलाखाली नाही गेलास. छान." वाईट दिवशी म्हणत, "टेबलाखाली गेलास. हरकत नाही. उद्या पुन्हा बघू." ही दोन वाक्यं त्याला इतकी पाठ झाली होती, की कधीकधी तो ती स्वतःशीच म्हणायचा. बाकीच्या पोरांनाही या कार्डांचं असं काही वेड लागलं, की आता बाईंनी गोष्ट मध्येच थांबवून गणिताकडे वळायचा नुसता विचार केला तरी मागच्या बाकावरून कुणीतरी वकिलासारखं विचारायचं, "बाई, कार्ड?"

"पिवळं कार्ड कुठंय?" आता बाईंनी विचारलं. ते नेहमी रांगेच्या शेजारी खिळ्याला टांगलेलं असे. खिळा होता, कार्ड नव्हतं.

बाई तशाच मागे वळून व्हरांड्यात धावल्या. काका हातात पुष्पगुच्छ घेऊन फाटकाकडे निघाले होते.

"ते पिवळं होय?" काका चालता चालताच म्हणाले. "ते एकटंच उरलं हो. जोडीला दुसरं पिवळं नाही, काही नाही. मग लावलं कुठंतरी कामाला."

"कुठं लावलंत?"

"आता सकाळपासून काय एक काम केलंय का बाई? आठवलं की आणून देतो."

एवढ्यात मोठ्या सरांनी काकांना हाक मारली आणि काका गेले. बाई व्हरांड्यात तशाच उभ्या राहिल्या. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. आज शाळा भरण्याआधीच त्यांनी बाईंना कार्यालयात बसवून ठेवलं होतं आणि एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगितली होती. मागच्या तपासणीला साहेब वर्गात आले तेव्हा हा मुलगा टेबलाखाली होता आणि त्याचं ओरडणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं. साहेब तेव्हाच म्हणाले होते, की याची जागा इथे नाही, याला गावाच्या पलीकडच्या खास शाळेत पाठवा. मोठ्या सरांनी हातापाया पडून वर्ष काढलं होतं. आज पुन्हा तसंच काही दिसलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त साहेब म्हटलं की त्यांचं पाणी पाणी व्हायचं.

खास शाळा चांगलीच होती, याबद्दल बाईंना शंका नव्हती. पण मुलगा इथे बोलायला लागला होता. इथे त्याला जन्मात पहिल्यांदा मैत्रीण मिळाली होती. ती व्हीलचेअरवरून यायची आणि तिचं नाव होतं ड्रायव्हर. व्हरांड्यात तिच्या वाटेत येणाऱ्याची ती गय करत नसे. तिच्या खुर्चीमागे स्टेशनमास्तर चालायचा आणि पुढचं स्टेशन कुठलं ते सांगायचा. सकाळी त्याची आई फाटकावर बाईंचा हात धरून एवढंच म्हणाली होती, "बाई, आजचा दिवस तेवढा निभवा." बाईंनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की काळजी करू नका, आम्ही सगळं ठरवून ठेवलंय.

ठरवून ठेवल्याप्रमाणे आता डबा संपला की खेळ होता, आणि खेळ संपला की सगळा वर्ग घरी जाणार होता.

बाई वर्गात परतल्या. त्यांनी आधी सरळमार्गी उपाय करून पाहिला. पिवळा कागद घेतला, त्यावर प्रश्नचिन्ह काढलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि स्टेशनमास्तरसमोर धरलं. त्याने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, नाकाला लावून वास घेतला आणि परत दिलं.

"हे नाही," तो म्हणाला. "त्याच्या कोपऱ्याला दात आहेत."

खरंच होतं ते. एकदा वाईट दिवशी त्याने त्या कार्डाचा कोपरा चावला होता. कार्ड ड्रायव्हरकडे गेलं, मागच्या बाकापर्यंत फिरलं, आणि ते नकली असल्याचा निकाल सगळ्या वर्गाने एकमताने दिला. एकाने तर बाईंकडे अशा नजरेने पाहिलं की बाईंनी मुकाट्याने ते कार्ड फाडून टाकलं.

आता हातात एकच गोष्ट होती. खेळ कुठला खेळायचा हे बाईंनी ठरवायचं असे, आणि खेळ कधी संपतो याचाही नियम ठरलेला होता: वर्गातल्या प्रत्येकाचा नंबर लागला की संपतो. बाईंनी कोपऱ्यातली बादली आणली, चेंडू काढला आणि जाहीर केलं, की आज प्रत्येकाने इथे उभं राहून चेंडू बादलीत टाकायचा. चेंडू बादलीत पडला तरच नंबर झाला असं धरायचं. मग त्यांनी बादली वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. मधल्या वेळात काकांना काहीतरी आठवेल, असा त्यांचा हिशोब होता.

पण एरवी खडू डब्यात टाकायला सांगितला तर खिडकीबाहेर टाकणारी पोरं त्या दिवशी एकामागून एक नेम साधू लागली. बाईंनी बादली बाकावर ठेवली, तरी चेंडू आत. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, तरी आत. ड्रायव्हरने तर खुर्ची गर्रकन फिरवून पाठमोरी होऊन चेंडू टाकला आणि तोही बरोबर बादलीत पडला. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि बाईंनीही वाजवल्या, कारण न वाजवून सांगणार कुणाला.

शेवटचा नंबर चालू असताना साहेब आले.

ते उंच, देखणे आणि अत्यंत नीटनेटके गृहस्थ होते. त्यांच्या खिशात पेनं उंचीप्रमाणे लावलेली होती. मागे मोठे सर होते, हात जोडलेले, चेहरा आधीच माफी मागत असलेला. साहेबांनी आधी बाकांवरचे रिकामे डबे पाहिले, मग बादली पाहिली, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"हा कुठला तास आहे?"

"खेळ," स्टेशनमास्तर म्हणाला.

"आणि गणित कधी असतं तुमचं?"

"घरी गेल्यानंतर."

"गृहपाठ म्हणतोय तो, साहेब," मोठे सर घाईघाईने म्हणाले.

"नाही," स्टेशनमास्तर म्हणाला. त्याला चुकीची घोषणा खपत नसे. "आधी घर. मग पाणी, वाचन, गणित, चित्रकला. हजेरी सगळ्यांत शेवटी."

साहेबांनी मोठ्या सरांकडे पाहिलं. मोठ्या सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना बघायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी बादलीकडे पाहिलं. ही काही नवी पद्धत आहे का, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा आजच्यापुरतीच आहे, असं त्यांनी अगदी खरंखरं सांगितलं. तेवढ्यात शेवटच्या पोराचा चेंडूही बादलीत पडला. स्टेशनमास्तर कार्ड काढायला उठला.

"थांब ना," ड्रायव्हर म्हणाली. "मोठ्या सरांचा नंबर राहिला. साहेबांचा पण."

वर्गातला प्रत्येक जण म्हणजे प्रत्येक जण, यात वाद नव्हता. बाईंना त्या पोरीची पापी घ्यावीशी वाटली. मोठ्या सरांनी चेंडू घेतला, डोळे मिटले आणि कसाबसा फेकला, आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कधी कशावर नेम धरला नव्हता त्याचा चेंडू पहिल्या फटक्यात बादलीत गेला. बाईंनी दातओठ खाल्ले. मग साहेबांनी चेंडू घेतला.

साहेबांचा नेम सुदैवाने फार वाईट होता. पहिला चेंडू फळ्यावर आदळला. दुसरा कपाटाखाली गेला. पोरं चेंडू आणून देत होती आणि साहेब हसत होते, पण चारपाच वेळा चुकल्यावर त्यांचं हसू मावळलं. त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि बाह्या सरसावल्या. "वा साहेब, अगदी थोडक्यात," असं मोठे सर प्रत्येक वेळी म्हणत होते, चेंडू दारातून बाहेर गेला तेव्हासुद्धा. बाई मनातल्या मनात हात जोडून म्हणत होत्या, की असंच चालू दे.

या गडबडीत शिपाईकाका साहेबांसाठी कार्यालयातलं टेबल आणि चहा घेऊन आले. टेबल ठेवलं, त्यावर चहा ठेवला, तर टेबल डुगडुगलं आणि चहा बशीत आला. काकांनी कपाळावर हात मारला, धावत कार्यालयात गेले, काहीतरी घेऊन आले आणि वाकून ते टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल घट्ट बसलं. पायाखालून एक पिवळा कोपरा बाहेर डोकावत होता, आणि त्या कोपऱ्याला दात होते.

बाई टेबलाकडे सरकल्या. त्या जरा वाकल्या, तोच मोठ्या सरांनी त्यांना कोपराला धरून बाजूला घेतलं. "काय करताय बाई? साहेबांच्या टेबलाखाली कशाला जाताय तुम्हीपण?" बाईंनी डोळ्यांनी काकांना खूण केली. काकांनी मान डोलावली आणि बाईंसाठीही चहा आणायला निघून गेले. नेमक्या त्याच क्षणी साहेबांचा चेंडू भिंतीवर आपटून, बाकावर उसळून, कसाबसा बादलीत पडला.

साहेबांनी दोन्ही हात वर केले. स्टेशनमास्तरने खेळाचं कार्ड काढून डब्यात टाकलं.

"आता घर," तो म्हणाला.

बाकं सरकली, डबे दप्तरात गेले, दप्तरं पाठीवर चढली, आणि तिसरीचा वर्ग अत्यंत शिस्तीने दोघादोघांची रांग करून दाराकडे निघाला. इतकी सुरेख रांग बाईंनी वर्षभरात पाहिली नव्हती. साहेबांचे हात अजून अर्धवट वरच होते.

"ही मुलं कुठं निघाली?" त्यांनी विचारलं.

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि साहेबांचा फोन वाजला. साहेबांनी तो घेतला आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. वरच्या साहेबांचा फोन होता. दुपारची बैठक आत्ताच घ्यायची ठरली होती. उद्या वाचून दाखवायचा होता तो अहवाल आजच वाचून दाखवायचा होता. आधी साहेब "हो सर, हो सर" म्हणत होते. फोन बंद झाला आणि त्यांचा बांध फुटला.

"असं कसं ऐन वेळी?" ते ओरडले. "आधी सांगायला नको? माझं सगळं ठरलेलं होतं! आधी ही शाळा, मग ती शाळा, मग बैठक. सगळं लिहून ठेवलेलं असतं माझं! आणि हे आत्ता सांगतात!" ते फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत फेऱ्या मारू लागले. त्यांनी पेन आपटलं. दोन्ही हातांनी डोकं धरलं. मोठे सर भिंतीला चिकटले. रांग जागच्या जागी थांबली होती आणि पोरं डोळे विस्फारून बघत होती. बाईही बघत होत्या, आणि आपण हे सगळं आधी कुठंतरी पाहिलं आहे असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

रांगेतून स्टेशनमास्तर बाहेर पडला. त्याने दप्तर खाली ठेवलं, सरळ साहेबांच्या टेबलाकडे गेला, गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखाली शिरला.

मोठ्या सरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी फेरी मध्येच थांबवली आणि बोट दाखवलं. "हेच. मागच्या वेळी पण हेच."

सकाळपासूनची सगळी धडपड फुकट गेली होती, आणि आता संध्याकाळी फाटकावर त्याच्या आईला काय तोंड दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तेवढ्यात टेबल एका बाजूला कललं, चहाचा कप घसरत कडेपर्यंत आला, आणि साहेबांच्या कोटावर पालथा झाला. पाठोपाठ स्टेशनमास्तर टेबलाखालून बाहेर आला. त्याच्या हातात पिवळं कार्ड होतं. त्याने ते दोन्ही हातांनी साहेबांच्या नाकासमोर धरलं.

"बदल आहे," तो म्हणाला. "आता दहापासून उलटं."

साहेब कोटाकडे बघत होते, कार्डाकडे बघत होते.

"मोजायचं असतं," ड्रायव्हरने रांगेतूनच समजावलं. "त्याशिवाय पुढचं होत नाही."

वर्गाने सुरुवात केली. दहा, नऊ, आठ. सातला मोठे सर सामील झाले, कारण काहीतरी करणं त्यांना भाग होतं. पाचला साहेबांचे ओठ हलले. शेवटचे दोन आकडे त्यांनी मोठ्याने म्हटले आणि ते खुर्चीत, ओल्या कोटावरच बसले. साहेबांनी कपाळ पुसलं.

"मी फार ओरडलो का?" त्यांनी कुणाकडेही न बघता विचारलं.

"ओरडलास," स्टेशनमास्तर म्हणाला. "पण टेबलाखाली नाही गेलास. छान."

बाईंनी तोंडावर पदर धरला. साहेबांनी त्या मुलाकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आलं. चेंडू बादलीत पडला तेव्हासुद्धा ते इतकं मोकळं हसले नव्हते.

पिवळं कार्ड रीतसर दाखवून झालं होतं. बाईंनी वेळ दवडला नाही. त्यांनी फळ्यावरचं घराचं कार्ड काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि फळ्यावर त्याच्या जागी तळातलं हजेरीचं कार्ड लावलं. रांग निमूटपणे मागे फिरली आणि बाकांवर जाऊन बसली. कुणी हूं की चूं केलं नाही. बाईंनी साहेबांना थोडक्यात सगळं सांगितलं: कार्डं, काकांची रंगसंगती, आणि मुलाला दिलेला शब्द. साहेब ऐकत होते. सगळं ऐकून ते उठले, भिजलेला कोट हातावर घेतला आणि मोठ्या सरांकडे वळले.

"मागच्या वेळी मी याला दुसऱ्या शाळेत पाठवा म्हटलं होतं. ते आता—" ते थांबले. स्टेशनमास्तर त्यांच्याकडे रोखून बघत होता. साहेबांना रीत कळली होती. त्यांनी त्याच्या हातातून पिवळं कार्ड मागून घेतलं, वर धरलं आणि म्हणाले, "बदल आहे. तू इथंच राहणार."

सगळ्या वर्गाने दहापासून उलटं मोजलं. स्टेशनमास्तरने कपाळाला आठ्या घालून विचार केला.

"हा बदल नाही," तो म्हणाला. "मी इथंच असतो. कार्ड खाली ठेवा."

साहेबांनी कार्ड खाली ठेवलं. बाईंनी हजेरी घ्यायला घेतली. त्यांचा आवाज अधूनमधून फुटत होता, पण पोरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. साहेबांना बैठकीला उशीर होत होता. तरीही ते दाराशी थांबले, स्टेशनमास्तरचं नाव आलं, त्याने "हजर" म्हटलं, आणि मग गेले.

उरलेला दिवस सरळ गेला. पाणी झालं, वाचन झालं, गणित झालं, चित्रकला झाली. शाळा सुटल्याची घंटा झाली, व्हरांड्यात बाकीच्या वर्गांची धावपळ सुरू झाली, आणि तिसरीचा वर्ग हाताची घडी घालून बसून राहिला.

"घर नाही," स्टेशनमास्तरने फळ्याकडे बोट करून सांगितलं.

फळा रिकामा होता. घराचं कार्ड बाईंनी सकाळी टेबलावर ठेवलं होतं, आणि टेबल काकांनी कधीच कार्यालयात परत नेलं होतं. फाटकावर आईबाप ताटकळत उभे होते, आतून एकही पोर बाहेर येत नव्हतं. बाई स्टेशनमास्तर आणि ड्रायव्हरला घेऊन कार्यालयाकडे धावल्या. तिथे मोठे सर दिवसभराचा शीण काढत खुर्चीत पसरले होते. काकांना विचारलं, तेव्हा काका मोठ्या उत्साहाने म्हणाले, "ते लाल ना? हे टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं होतं, म्हटलं हे बरं सापडलं." एवढं सांगून ते फाटक उघडायला गेले.

मोठ्या सरांनी एक सुस्कारा सोडला. त्यांनाही घरी जायचं होतं. ते उठले, गुडघे टेकले, आणि बाई नको नको म्हणत असताना स्वतःच टेबलाखाली शिरले. कार्ड पायाखाली घट्ट बसलं होतं, त्यामुळे त्यांना पार आत जावं लागलं. बाहेर फक्त त्यांचे बूट दिसत होते.

स्टेशनमास्तरने त्या बुटांकडे पाहिलं. मग तो खाली वाकला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "टेबलाखाली गेलास. हरकत नाही. उद्या पुन्हा बघू."